खटक्याची गाडी

“पिंजरा नको हो काका, खटका पाहिजे… खटका!” पद्मजानं तिसऱ्यांदा सांगितलं.

उल्हासनगरच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात शनिवार दुपारची गर्दी होती. गल्ल्यावरच्या सिंधी काकांनी तिच्यापुढे आतापर्यंत दोन जाळीचे पिंजरे आणि एक चिकट पुठ्ठा ठेवला होता.

“बेटी, चूहा पकडना है ना? इसमें भी पकडेगा. क्या प्रॉब्लेम है?”

“पण मला उंदीर पकडायचाच नाहीये!”

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सापळा हवा, पण उंदीर नको… असलं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

“त्यांना लाकडी फळीवाला पाहिजे, शेठ. स्प्रिंगवाला,” मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. “वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यामागे बघा. दोन शिल्लक आहेत. एक त्यांना द्या, एक मला.”

पद्मजानं वळून पाहिलं. पंचविशीतला, सडपातळ, सावळा मुलगा. शर्टाला कडक इस्त्री, आणि नखांच्या कडेला कुठल्याच साबणानं न जाणारं ते मशीनच्या तेलाचं काळं. चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

“तुम्ही आमच्याच कंपनीतल्या ना? क्यूसीच्या मॅडम?” त्यानंच विचारलं.

“हो… तुम्ही?”

“विकास मुकणे. लेथवर असतो. मागच्या आठवड्यात माझे तीन पीस तुम्ही परत पाठवलेत.”

पद्मजाचे कान गरम झाले. “ते… मापात नव्हते.”

“नव्हतेच,” तो म्हणाला आणि छान हसला. हसताना त्याची नजर मात्र खाली, काउंटरवरच्या खिळ्यांच्या डब्यात गेली.

आनंदनगर एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग बनत. दर डिसेंबरात कंपनीचा वार्षिक दिवस असे, त्यात संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. यंदा नवे प्लांट मॅनेजर हरिचंद्र सर आले आणि त्यांनी जाहीर केलं, की आपण इंजिनिअरिंगवाले लोक, आपली स्पर्धाही तशीच हवी. उंदराच्या सापळ्यातल्या स्प्रिंगवर चालणारी छोटी गाडी बनवायची. बॅटरी नाही, ढकलणं नाही. जिची गाडी सगळ्यांत लांब जाईल ती जोडी पहिली. आणि जोडीत एक जण ऑफिसातला, एक मशीनवरचा.

“तुमचा जोडीदार कोण?” पद्मजानं विचारलं.

“कुणी नाही. ऑफिसातल्या कुणी विचारलं नाही… मीही नाही. म्हटलं, घरी करून बघू नुसतीच.”

पद्मजालाही कुणी मिळालेलं नव्हतं. मशीन शॉपमध्ये जिच्या सहीनं माल परत जातो, तिच्याबरोबर कोण जोडी करणार? तिनं आपला खटका उचलला, उगाच उलटसुलट केला आणि म्हणाली, “तीन पीस परत पाठवणारी चालेल?”

त्यानं आपलाही खटका उचलला. मग म्हणाला, “चालेल की. फक्त गाडी नाही चालली, तर मला परत पाठवायचं नाही.”

सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास क्यूसीच्या खोलीत गाडीचा झाला.

पहिली गाडी दोन दिवसांत उभी राहिली. सापळ्याच्या तारेला पेन्सिलीएवढी दांडी बांधली होती. दांडीच्या टोकाचा दोरा मागच्या चाकांच्या शाफ्टवर गुंडाळायचा. खटका सोडला की दांडी उलटते, दोरा ओढते, शाफ्ट फिरतो, गाडी पळते. कागदावर सगळं सरळ होतं. विकासनं खटका सोडला. गाडीनं जागच्या जागी उडी मारली, चाकं गरागरा फिरली आणि ती तिरकी जाऊन फायलींच्या कपाटावर आदळली.

“ही गाडी नाही, बेडूक आहे!” पद्मजा म्हणाली.

“इतक्या जोरानं ओढलं तर कोण सरळ जाईल, मॅडम? माणूससुद्धा नाही जात.”

हे तो गाडीबद्दलच बोलला असणार. तरी पद्मजानं दुसरीकडे पाहत वहीत काहीतरी गिरगटलं.

तिची बाजू हिशेबाची होती, त्याची हातांची. तिनं सांगितलं, चाकं मोठी आणि हलकी हवीत. दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या भीमगीतांच्या जुन्या, ओरखडे पडून मुक्या झालेल्या सीडी घेऊन आली. त्यानं फुगे कापून त्यांचे रबरी पट्टे सीडीच्या कडेला चढवले, घसरू नये म्हणून. शाफ्ट त्यानं स्वतः लेथवर काढला आणि एका स्वच्छ फडक्यावर ठेवून तिच्यापुढे केला.

तिनं डायल लावून तो हळूहळू फिरवला. काटा हललाच नाही.

“पास,” ती म्हणाली.

“तोंडी नको. सही करून द्या.”

तिनं खरंच एका पिवळ्या चिठ्ठीवर ‘पास’ लिहून सही केली. त्यानं ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली… वरच्या, बटणाच्या खिशात.

एकदा ती दोऱ्याचा फास अडकवत होती आणि तो तार दाबून धरून होता. तेवढ्यात त्याचा हात घसरला. तार सुटली. पद्मजानं डोळे मिटले. खट्ट असा आवाज झाला, पण तिला काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर तिच्या बोटांवर त्याचं बोट आडवं होतं आणि तार त्याच्या नखावर बसली होती.

“अहो! हात काढायचा ना!”

“काढला असता तर तुमच्यावर बसली असती.”

“मग बसू द्यायची…”

“हं,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी बघू.”

ती धावत जाऊन कॅन्टीनमधून बर्फ घेऊन आली. नख निळं पडलं होतं. बर्फ त्यानं स्वतः धरला असता तरी चाललं असतं, पण दोघांनाही ते सुचलं नाही.

आणि मग तो बुधवार आला.

कॅन्टीनमध्ये पद्मजा, विकास आणि त्याच्या शॉपमधले दोघे एका टेबलावर जेवत होते. डिस्पॅचचा यज्ञेश ताट घेऊन आला. यज्ञेशला बोलून टाळ्या घ्यायची सवय होती.

“काय मॅडम, गाडी कुठवर आली?” तो मोठ्यानं म्हणाला. “जपून हां. ड्रायव्हर म्हणून त्यात उंदीर बसवू नका. आपला विकास दुपारी डब्यात त्यालाच घेऊन बसेल!”

आजूबाजूला हशा पिकला. विकास बारवी धरणाच्या बाजूच्या कातकरी वाडीवरचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे शेतातले उंदीर धरतात, खातात, हेही.

पद्मजा हसली. म्हणजे… हसू म्हणावं तर ते हसू नव्हतं. सगळे हसतात तेव्हा ओठ आपोआप हलतात, तसे ते हलले. एवढंच. पण विकास त्या वेळी बाकी कुणाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

त्यानं डब्याचं झाकण लावलं, नळावर हात धुतले आणि निघून गेला.

गुरुवारी तो क्यूसीच्या खोलीत आला नाही. शुक्रवारीही नाही. शेवटी तीच शॉपमध्ये त्याच्या लेथपाशी गेली.

“पीस तपासायचाय का, मॅडम?” त्यानं मशीन थांबवलं नाही.

“विकास, त्या दिवशी…”

“ते हसले त्याचं काही नाही. सवय आहे,” तो म्हणाला. “तुम्ही हसलात.”

एवढंच. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

बदलापूरला घरी येऊन ती बाल्कनीत नुसती बसून राहिली. तिला कॉलेजातला एक दिवस आठवत होता. ‘तुझा नंबर कुठल्या लिस्टमधून लागला गं?’ असं एका मुलानं भर वर्गात विचारलं होतं आणि तिच्या शेजारी बसलेली तिची मैत्रीण खुदकन हसली होती. त्या मुलाचा चेहरा आता पद्मजाला आठवतही नव्हता. मैत्रिणीचं हसणं अजून ऐकू येत होतं.

आणि तरीही आपण… तेच?

तिचे बाबा, महेंद्र रणपिसे, पोस्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

“काय करू, बाबा? काहीतरी घेऊन जाऊ का त्याच्यासाठी?”

“माफी मागायला रिकाम्या हातानं जावं,” बाबा म्हणाले. “हातात वस्तू असली की तो सौदा होतो.”

रविवारी सकाळी ती बारवीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली, त्याच्या शॉपमधल्या एकानं सांगितलेल्या थांब्यावर उतरली आणि विचारत विचारत वाडीवर पोचली. थंडी होती. कापलेल्या भाताच्या खुंटांवर दव चमकत होतं, पेंढ्याचा गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. एका अंगणात एक बाई सुपात भात पाखडत होती.

“विकासचं घर…?”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चेहरा उजळला. “तू ती कंपनीतली पोर ना? गाडीवाली? मी चंद्री, त्याची आई. बस गो बाय, पाणी घे. तो बापाबरोबर शेतात हाय.”

म्हणजे तो घरी आपल्याबद्दल बोलला होता! पद्मजा पाणी प्यायली, पण तिला बसवेना. ती बांधावरून चालत शेतात गेली.

विकास एका बिळापाशी उकिडवा बसला होता. त्याचे वडील, सुकऱ्या, बांबूची लांब कामटी वाकवून तिच्या टोकाला फास बांधत होते. विकासनं वर पाहिलं आणि तसाच राहिला.

पद्मजानं बसमध्ये काय काय जुळवून ठेवलं होतं! त्यातलं एकही वाक्य वेळेला आलं नाही.

“मी हसले,” ती म्हणाली. “चुकून, घाबरून, सगळ्यांबरोबर… कारण काही का असेना, हसले. माझ्यावर कुणी असं हसलं होतं तेव्हा मला कसं वाटलं, ते मला माहीत होतं. तरी हसले. मला माफ करा.”

सुकऱ्या कामात गढल्यासारखे मान खाली घालून बसले. विकास बिळापासून जरा बाजूला सरकला. मग हातानं शेजारची माती झाडून त्यानं तिला बसायला जागा केली.

“उंदीर एकेका बिळात किती भात नेतो माहितीये? आम्ही धरतो म्हणून शेतकरी बोलावून नेतात. आणि खातो. लाज वाटावी असं त्यात मला कधी काही दिसलं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही हसेपर्यंत.”

तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, तोंडही वळवलं नाही.

“बाबा, यांना सांगा, कामटी एवढी लांब का घेता,” विकास अचानक म्हणाला. आवाज जरा सैल झाला होता.

सुकऱ्यांनी मान वर केली. “आखूड कामटी जोरात मारते, पन दोरी तोडते. लांब कामटी दमानं ओढते. सोडत नाय.”

पद्मजा कामटीकडे पाहत राहिली. मग तिनं बोटानं मातीवर रेघ ओढली, तिच्या टोकाभोवती अर्धं वर्तुळ काढलं. “दांडी दुप्पट लांब… म्हणजे दोरा दुप्पट… म्हणजे चाकाला फेरे दुप्पट! जोर कमी, पण गाडी…”

“घरी आहे,” विकास म्हणाला.

“काय?”

“बांबूची दांडी. तासून ठेवलीय परवाच.”

“पण तुम्ही तर येतच नव्हता!”

“येत नव्हतो,” तो कानामागे हात नेत म्हणाला. “करत नव्हतो असं कुठं म्हटलं?”

दुपारी चंद्रीनं जेवायला थांबवून घेतलं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, लसणीची चटणी. पद्मजा ताटाकडे बघतेय असं वाटून ती डोळे मिचकावत म्हणाली, “आज उंदीर नाय घावला गो. भिऊ नको, जेव!”

सगळं घर हसलं. पद्मजाही हसली, अगदी ठसका लागेपर्यंत. विकासनं पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि या वेळी त्यानं नजर खाली नेली नाही.

स्पर्धेच्या दिवशी गोदामाची लांबलचक फरशी झाडून त्यावर खडूच्या दोन रेघा मारल्या होत्या; रेघेला चाक लागलं की गाडी बाद. अकरा जोड्या होत्या. प्रत्येक जोडीनं आधी माइकवर येऊन गाडीची माहिती सांगायची आणि मग गाडी सोडायची. पद्मजाला वाटत होतं, विकासच्या वाटणीचं आपणच बोलावं… त्या दिवसाची भरपाई म्हणून. तसं तिनं त्याला सांगितलंही.

“नको. ते मी बोलतो,” तो म्हणाला होता.

तिनं चाकांचा आणि फेऱ्यांचा हिशेब थोडक्यात सांगितला आणि माइक त्याच्याकडे दिला.

“मी विकास मुकणे. आमची कातकऱ्यांची वाडी आहे. भात झोडून झालं की आम्ही शेतात उंदीर धरतो. धरलेले खातो.” त्यानं एकदा पद्मजाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. “माझे बाबा सुकऱ्या. त्यांच्यासारखा सापळा आमच्या भागात कुणी बांधत नाही. लांब कामटी दमानं ओढते, हे त्यांचं. हिशेब मॅडमचा. बाकी शाफ्टबिफ्ट माझं. बास.”

टाळ्या आधी एकाच कोपऱ्यातून आल्या, शॉपमधून. मग सगळीकडून. यज्ञेशनंही वाजवल्या, पण मान काही वर केली नाही.

यज्ञेशची गाडी बाणासारखी सुटली होती आणि चौदा मीटरवर थांबली होती. विकासनं खटका सोडला. बांबूची लांब दांडी आळस दिल्यासारखी हळूच उठली. गाडी निघाली, ती इतकी सावकाश की मागून कुणीतरी म्हणालं, “ढकला रे तिला!” पण ती चालत राहिली. दहा मीटर. चौदा. दोरा संपून सुटला, तरी चाकं फिरतच होती. अठरा… मग तिचं तोंड हळूहळू डाव्या रेघेकडे वळायला लागलं.

“सरळ, सरळ…” पद्मजा पुटपुटली आणि तिच्या लक्षात आलं की आपण विकासचं मनगट घट्ट धरलंय. सोडावं असं तिला वाटलं नाही. त्यानंही सोडवून घेतलं नाही.

रेघेला चाक टेकायला बोटभर अंतर असताना गाडी थांबली. टेप लावली. तेवीस मीटर चाळीस, सगळ्यांत लांब!

बक्षीस द्यायच्या वेळी गंमत झाली. समितीनं जोड्यांची स्पर्धा ठेवली खरी, पण पहिलं बक्षीस आणलं होतं एकच, पाच लिटरचा कुकर. हरिचंद्र सर ओशाळून म्हणाले, “आता तुम्ही दोघं बघा बुवा काय ते.”

पाच वाजता दोघं रिक्षानं बदलापूरला आले. कुकरचा खोका दोन बाजूंनी धरून बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले. थांब्याचा बाक रिकामा होता, तरी ते उभेच राहिले.

“तुम्ही न्या,” विकास म्हणाला.

“दोघांचा आहे तो. तुम्ही न्या. आईंना होईल.”

“पद्मजा मॅडम…”

“अजून मॅडम?”

“तुम्ही मला अहो-जाहो करताय तोवर मॅडमच.”

“आधी तू थांबव, मग मी—” ती बोलून गेली आणि थांबली. ‘तू’ तोंडातून निघून गेला होता. परत घेता येत नव्हता… घ्यायचाही नव्हता.

विकासनं खोका खाली ठेवला. “पद्मजा,” तो म्हणाला. नाव नुसतं, पहिल्यांदाच. “तू वाडी बघितलीस. पाणी बाहेरून आणावं लागतं. आई-बाबांना सोडून मी लांब कुठं राहणार नाही. तुझ्याकडचे लोक काय म्हणतील, आमच्याकडचे काय म्हणतील, मला माहीत नाही. हे आधी सांगतोय, कारण नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं होईल. मला तू… मला तू फार आवडतेस. तुझं काय—”

“बारवीऽऽ! चला, चला, आत चला!” बस येऊन उभी राहिली होती. बाजारवाल्या बायांची टोपल्यांसकट एकच झुंबड उडाली. कुणीतरी खोका उचलून विकासच्या हातात कोंबला, कुणीतरी त्याला पाठीमागून रेटलं, आणि पद्मजा तोंड उघडतेय तोवर दार बंद होऊन बस निघालीसुद्धा.

ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. उत्तर ओठांवर तसंच.

बस चौकाच्या वळणापर्यंत गेली, थांबली, आणि तिच्यातून एक खोका उतरला. मागोमाग विकास उतरला. खोका छातीशी धरून तो धापा टाकत परत आला.

“काय झालं? बस गेली ना तुझी!”

“जाऊ दे. उत्तर ऐकायचं राहिलं.”

पद्मजाला हसू आलं आणि रडूही. “बाबांनी विचारलंय, रविवारी जेवायला येशील का. मी त्यांना सगळं सांगितलंय.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे… माझ्या बाजूचं.”

“ते मला कुठं सांगितलंस?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मावळतीचं ऊन थांब्याच्या पत्र्यावरून खाली उतरत होतं. समोर भेळवाला कांदा चिरत होता, त्याचं लक्ष नव्हतं. असतं तरी आता काही बिघडत नव्हतं.

“मलाही तू आवडतोस, विकास. बाकीचं कठीण असेल. असू दे. आपण करू.”

त्यानं नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा, पुन्हा पुन्हा.

पुढची बस पाऊण तासानं होती. दोघं बाकावर बसले. मध्ये कुकरचा खोका होता. पद्मजानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो खोका उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला आणि सरकून त्याच्याजवळ बसली.